मागच्या दोन चाकांचे भविष्य

गुमेर्सिंदो कोल्के हा ओरुरोतला गाड्यांचा मिस्त्री. वय साठ, गालात कोकाच्या पानांचा बोळा आणि खिशात वही. कोणती गाडी किती वेगाला, कुठे आणि कशी थरथरते, याची नोंद तो गेली सव्वीस वर्षे करीत आला आहे. ला पाझकडे जाणारा दुहेरी महामार्ग होईपर्यंत या गावातल्या गाड्यांना हा आजारच नव्हता, कारण साठाच्या वर कुणी जातच नसे. रस्ता गुळगुळीत झाला आणि गाड्यांचे खरे स्वभाव उघडे पडले, असे तो म्हणतो. त्यात तथ्य आहे.

देवावर त्याचा विश्वास माफक आहे. भविष्यावर मुळीच नाही. ही घरात अडचणीची बाब होती. त्याची बायको प्लासिदा दर वर्षी जूनच्या थंडीत, सान हुआनच्या सणाच्या संध्याकाळी, अंगणात शिसे वितळवून गार पाण्यात ओतते आणि थिजलेल्या आकारावरून बायकांना त्यांचे पुढचे वर्ष सांगते. गिऱ्हाइके तिला नवऱ्यापेक्षा जास्त. हे त्याच्या वहीत नाही, पण गल्लीत सर्वमान्य आहे.

सान हुआन होऊन चार दिवस झाले असतील. सातुर्निना वाराची आपली सात जणांची वॅगन घेऊन अंगणात आली. ती ओरुरो ते ला पाझ प्रवासी नेते.

"मिस्त्री, नव्वदच्या पुढे गेलं की मागे बसलेल्यांचे दात वाजतात. परवा एका म्हाताऱ्याची कवळी त्याच्या मांडीवर पडली."

"चाकं सोडून बोला. चाकं मी स्वतः बॅलन्स करून दिलीत, गेल्याच आठवड्यात."

"मी कुठं चाकांचं नाव घेतलं? पण चालकांच्या संघटनेत तक्रार गेलीय. दोन आठवड्यांनी शनिवारी सभा आहे. तोवर गाडी सुधारली नाही तर फेरीची माझी पाळी दुसऱ्याला देणार. अकरा वर्षं थांबले होते मी त्या पाळीसाठी."

दोघे महामार्गावर गेले. आरशाखाली दोऱ्याने बांधलेला शिशाचा वेडावाकडा गोळा लोंबकळत होता.

"हे काय?"

"माझं नशीब. तुमच्याच घरून आणलंय."

"बायका सुधारायच्या नाहीत," असे पुटपुटून गुमेर्सिंदो मागच्या सीटवर जाऊन बसला. पंच्याण्णवला सीट थरथरू लागली. स्टिअरिंग मात्र शांत. म्हणजे दोष मागे. त्याने गिअर काढायला सांगितले, गाडी नुसती वाहत राहिली, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष. इथवर त्याची पद्धत बिनचूक होती. मग त्याने वहीत लिहिले, 'चाके : ठीक', आणि ही एकच नोंद त्याने न तपासता केली.

पुढचे दहा दिवस त्याने गाडीच्या पोटाखाली काढले. शाफ्टचे सांधे बदलले, एका बाजूचे बेअरिंग बदलले, स्प्रिंगच्या पाट्यांचे रबर बदलले. गाडी पंच्याण्णवला थरथरतच राहिली.

"आणखी काय बदलायचं राहिलंय?" सातुर्निनाने विचारले. "मी?"

सभेआधीच्या गुरुवारी, सातुर्निनाच्या देखत, दुसरे बेअरिंग काढण्यासाठी त्याने मागचे चाक उतरवले. रिमच्या कडेवर बोटाएवढा स्वच्छ पट्टा होता आणि त्याशेजारी स्क्रू-ड्रायव्हरचा ताजा ओरखडा. बॅलन्सिंगचे शिशाचे वजन तिथे नव्हते. त्याने दुसरे चाक पाहिले. तिथेही तेच. मग त्याने घराकडे तोंड करून हाक मारली.

"प्लासिदा, सान हुआनला शिसं कुठून आणलंस?"

"डब्यातून."

"सगळं?"

"शेवटच्या बाईच्या वेळी डबा संपला. अंगणात गाडी उभी होती. मागच्या चाकांवर चार-पाच तुकडे होते. मला वाटलं, शोभेचे असतील."

"ती शेवटची बाई कोण होती?"

प्लासिदाने सातुर्निनाकडे हनुवटी उडवली.

गुमेर्सिंदोने आरशाखालचा गोळा सोडवला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला आणि वहीचे मागचे पान उघडले. मागच्या दोन्ही चाकांची वजने मिळून पंच्याहत्तर ग्रॅम. काटा एकाहत्तर दाखवत होता.

"चार ग्रॅम पळीला चिकटले," प्लासिदा म्हणाली.

"आणि हिला काय सांगितलं होतंस तू?"

"लांबचा रस्ता आहे आणि रस्त्यात फार हादरे आहेत."

सातुर्निना पोट धरून हसत सुटली, नंतर ओढणीने डोळे पुसू लागली. गुमेर्सिंदोने तिच्याकडे न पाहता चाके मशीनवर चढवली आणि नवी वजने ठोकली. ह्या वेळी लोखंडी.

शुक्रवारी संघटनेचा सचिव स्वतः मागच्या सीटवर बसला, हातात पीचच्या सरबताचा काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन. काराकोल्लो गावाच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यावर सातुर्निनाने वेगाचा काटा शंभरावर नेला. ग्लासात तरंग उठला नाही. सचिवाने सरबत पिऊन टाकले; सभेत तिच्या पाळीचा विषय निघालाच नाही.

गोळा मात्र पुन्हा आरशाखाली लागला.

"आता कशाला ते?" गुमेर्सिंदोने विचारले.

"असू दे, मिस्त्री. तुमच्या वहीपेक्षा हे आधी खरं बोललं."

वहीतल्या त्या पानावर 'चाके : ठीक' खोडलेले आहे. खाली त्याच्या अक्षरात 'कारण : बायको'. त्याखाली वेगळ्या, गोलसर अक्षरात : 'आणि न बघणारा मिस्त्री'. ही ओळ त्याने खोडलेली नाही.