शेंदराच्या डबीतली हत्थाजोडी

माझ्या सासूबाई सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरल्या तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांच्या बॅगेतून कढीपत्ता काढला, ओल्या हळदीचे तुकडे काढले आणि दोन्ही कचऱ्यात टाकलं. मग त्यानं चांदीची एक डबी उघडून पाहिली. आत शेंदूर होता, लवंगा होत्या आणि त्यात रुतून बसलेलं बोटभर काहीतरी वाळकं होतं. "गॉड," सासूबाई म्हणाल्या. त्यानं डबी मिटून अदबीनं परत दिली. सनीव्हेलला घरी पोचेपर्यंत सासूबाई कढीपत्त्याबद्दल बोलत होत्या.

डबीत होती हत्थाजोडी. हे म्हणे कुठल्याशा दुर्मीळ वेलीचं मूळ. घनदाट जंगलात सापडतं, दोन हात जोडल्यासारखं दिसतं आणि ज्याच्या देवघरात असतं त्याचं अडलेलं काम मार्गी लागतं. सासूबाईंच्या भाच्यानं एका देवस्थानाबाहेरच्या दुकानातून ती आणून दिली होती. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलेली बाई आहे आणि मुळांकडून माझी अपेक्षा लोणच्यापुरतीच असते. पण सासूबाई सहा महिने राहणार होत्या. सहा महिने एका छताखाली काढायचे तर कुठल्या विषयांवर तोंड उघडायचं नाही हे आधी ठरवून टाकावं लागतं. त्यात मी या मुळाची भर घातली.

अडलेलं काम म्हणजे माझ्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड. तो चिप डिझाइन करतो आणि कार्डाच्या रांगेत इतकी वर्षं उभा आहे की आमची मुलगी इथे जन्मून कॉलेजात गेली, तिच्याकडे इथला पासपोर्ट आहे आणि आम्ही अजून पाहुणे आहोत. सासरे गेले तेव्हा त्याच्या व्हिसाचा शिक्का संपलेला होता. भारतात गेला असता तर नव्या शिक्क्यासाठी किती महिने तिकडेच अडकला असता याचा नेम नव्हता, आणि तोवर नोकरी राहिली नसती. सासूबाईंनीच फोनवर सांगितलं, "येऊ नकोस." अग्नी भाच्यानं दिला. माझ्या नवऱ्यानं तो हॉलमधल्या सोफ्यावर बसून फोनवर पाहिला आणि मग ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली. एवढंच त्याला करता येण्यासारखं होतं.

तेव्हापासून सासूबाईंना एकच ध्यास होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी भांडी आवरता आवरता त्या मला म्हणाल्या, "माझ्या वेळी तरी त्याला यायला मिळू दे गं. बाकी मला काही नको." नवऱ्यासमोर मात्र त्या फक्त "कार्ड" म्हणत. तोही "कार्ड" म्हणे.

आमचं देवघर बेडरूममधल्या चादरींच्या कपाटात आहे. कापूर पेटवला की स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून कापराची वडी न पेटवता नुसती ठेवायची अशी आमच्याकडे पद्धत पडली आहे. दर मंगळवारी सासूबाई डबी उघडत, मुळाला ताजा शेंदूर लावत, गंध लावत आणि मुलाचं नाव घेत. आणि नाताळच्या सुमारास रांगेतली आमची तारीख, जी कित्येक महिने हलली नव्हती, थोडीशी पुढे सरकली. सरकारी कामात असं अधूनमधून होतं. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

मग जानेवारीत माझ्या घरी हळदीकुंकू झालं. विधवेनं हॉलमध्ये बसू नये असं सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, मी तर उलट हाताला धरून बसवत होते. पण त्या जुन्या सवयीनं आत जाऊन बसल्या. आत म्हणजे देवघराशेजारी. येणारी प्रत्येक बाई आधी हॉलमध्ये माझ्याकडून प्लास्टिकचा डबा लुटून घेई आणि मग आजींना नमस्कार करायला आत जाई. प्रत्येकीचा नवरा रांगेत, नाहीतर भाऊ, नाहीतर जावई. आत गेलेली बाई लवकर बाहेर येईना तेव्हाच मला शंका यायला हवी होती. संध्याकाळपर्यंत पाच जणींना हत्थाजोडी हवी होती.

इथल्या मराठी घरांत एक रीत आहे. कुणी भारतात निघालं असं कळलं की बाकीचे विचारतात, "येताना बॅगेत जागा आहे का?" आणि निघालेल्या माणसानं नाही म्हणायचं नसतं. या जागेतून आजवर भाजणी आली आहे, औषधं आली आहेत, कुणाच्या तरी मुंजीची सोवळी आली आहेत. आत काय आहे हे विचारायचं नाही, कारण उद्या आपलंही काहीतरी आणायचं असतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू फेब्रुवारीत पुण्याला जाणार होत्या. त्यांच्या बॅगेत जागा होती. सासूबाईंनी भाच्याला फोन केला आणि पाच डब्यांची ऑर्डर दिली. मला याचा पत्ता नव्हता, कारण त्या विषयावर तोंड न उघडण्याचं मीच ठरवलं होतं.

मार्चमध्ये मुलगी सुट्टीसाठी घरी आली. ती कॉलेजात वन्यजीवशास्त्र शिकते. म्हणजे काय हे आम्ही नातेवाइकांना "बायोलॉजीसारखंच" असं सांगतो. तो दिवस मंगळवार होता. ती आजीजवळ मांडी घालून बसली, डबीत डोकावली आणि म्हणाली, "आजी, कॅन आय सी?" मुळावरचा शेंदूर तिनं नखानं थोडा खरवडला. मग ते जागेवर ठेवलं, स्वयंपाकघरात आली आणि सिंकवर हात धुवायला लागली.

"आई, डोन्ट फ्रीक आउट," ती म्हणाली. "धिस इज नॉट अ रूट."

तिच्या वर्गात याची स्लाइड दाखवली होती. ते नराचं जननेंद्रिय होतं. नर घोरपडीचं. वाळवलं की हात जोडल्यासारखं दिसतं, म्हणून ते वेलीचं मूळ म्हणून विकतात. भारताच्या कायद्यात घोरपडीला वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि असली वस्तू बाळगणं इथेही गुन्हा आहे, तिथेही.

मी नवऱ्याला सांगायला गेले. तो घरूनच काम करत होता. त्यानं हेडफोन काढून सगळं ऐकलं आणि हेडफोन पुन्हा कानावर चढवला. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाला, "आईला कोण सांगणार?"

मराठीत या अवयवाला शब्द कमी नाहीत, पण सासूबाईंसमोर काढता येईल असा त्यात एकही नाही. संस्कृत शब्द वापरला असता तर त्यांनी डबीला आणखी भक्तीनं हात जोडले असते. नवरा म्हणाला, "यार, तू बाई आहेस, तू सांग." मी म्हटलं, "आई तुझी आहे." एवढ्यात मुलगी आजीसमोर जाऊन बसलीसुद्धा. तिचं मराठी पाच वर्षांच्या मुलाचं आहे, कारण ती शाळेत जायला लागली आणि ते तिथेच थांबलं.

"आजी," ती म्हणाली, "हे रूट नाहीये. हे बॉय घोरपडीचं शूशू आहे."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली.

"कुणाचं?"

"घोरपडीचं. बॉय."

सासूबाई उठल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर गंध नव्हतं. मला वाटलं, आता विटाळाचं काढतील, गोमूत्र मागतील, ते इथे कुठे मिळतं याचा मी मनातल्या मनात शोध घेऊ लागले. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "मेल्यावर काढतात ना हे?"

मुलीकडे यासाठी शब्द नव्हते. ती इंग्रजीत सांगत गेली आणि मी मराठीत. जिवंत पकडतात. बांधून विस्तवावर धरतात, म्हणजे तो भाग आपोआप बाहेर येतो. मग कापतात. सासूबाई घरात शिरलेली मुंगीसुद्धा कागदावर घेऊन बाल्कनीत सोडतात. त्यांनी दर मंगळवारी त्या जनावराला शेंदूर फासून आपल्या मुलाचं भलं मागितलं होतं. मला त्यांची फार दया आली आणि त्या दुकानदाराचा इतका संताप आला की तो समोर असता तर त्याची धडगत नव्हती.

"टाकून देऊ," नवरा म्हणाला. "उद्या कचऱ्याची गाडी येतेच."

"आणि त्या पाच?" सासूबाई म्हणाल्या. तेव्हा कुठे आम्हाला त्या पाचांचं कळलं. काकू त्याच आठवड्यात परत निघणार होत्या. म्हणजे माझ्या सासूबाई, वय वर्षं चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात म्हणून विमानतळावर व्हीलचेअर घेणाऱ्या, वन्यप्राण्यांच्या अवयवांची आंतरराष्ट्रीय तस्करी करत होत्या. तेही हळदीकुंकवातून.

त्यांनी लगेच काकूंना पुण्याला फोन लावला. काकूंचं म्हणणं पडलं की पॅकिंग झालंय, शब्द दिलाय, आता लोकांना काय सांगायचं. "मी सांगते लोकांना," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या डब्या घेऊन विमानात बसलात तर मी खुर्चीवर बसून विमानतळावर येईन आणि तिथल्या साहेबाला तुमची बॅग दाखवीन." काकूंनी डब्या बॅगेतून काढल्या. मग सासूबाईंनी पाचही जणींना एकेक फोन करून, नातीनं दिलेलाच शब्द वापरून, सगळं सांगितलं. आमच्या मंडळात त्या विषयावर पुन्हा कुणी बोललेलं नाही.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण मुलगी म्हणाली की इथे वन्यजीव खात्याचं ऑफिस आहे, वस्तू तिथे नेऊन देता येते, आणि कुठून घेतली हे सांगितलं तर दुकानापर्यंत माग काढता येतो. मात्र नाव-पत्ता द्यावा लागतो.

नवरा पांढरा पडला. हा माणूस मोकळा रस्तासुद्धा सिग्नल हिरवा झाल्याशिवाय ओलांडत नाही. "केस पेंडिंग आहे," तो म्हणाला. "आईनं आणलं, पण पत्ता माझा, व्हिसा माझ्या नावावर. उद्या कुणी फाइल उघडली तर? हात दाखवून अवलक्षण कशाला? कार्ड आलं की देऊ नेऊन."

"कधी येणार कार्ड?" सासूबाईंनी विचारलं.

त्यानं सवयीनं लॅपटॉप उघडला. मग मिटला. "सांगता येत नाही."

"तोवर ते दुकान चालूच राहणार. आणि मी इथे डबीवर झाकण ठेवून बसू?" त्या खोलीत गेल्या आणि बाहेर जायची साडी नेसून आल्या. कार्ड त्यांना त्याच्यापेक्षाही जास्त हवं होतं हे मला माहीत होतं, म्हणून मी मध्ये पडले नाही. नवऱ्यानंच गाडी काढली.

काउंटरवरची अधिकारी साधारण माझ्या वयाची होती. तिनं हातमोजे घातले, डबी उघडली आणि लगेच ओळखलं. म्हणाली, खूप येतात अशा, बहुतेक लोकांना खरंच ठाऊक नसतं. सासूबाईंनी दुकान सांगितलं, देवस्थान सांगितलं, भाच्याचं नाव त्याच्या वडिलांच्या नावासकट सांगितलं. मग अधिकारी बाईनं विचारलं, हे तुम्ही कशासाठी ठेवलं होतं?

मी मराठीत विचारलं. सासूबाईंनी तिच्याकडे बघत उत्तर दिलं, "मी मरेन तेव्हा माझ्या मुलाला येता यावं म्हणून."

मला ते भाषांतर जमेना. मुलगी माझ्या शेजारून म्हणाली, "सो दॅट माय डॅड कुड कम होम व्हेन शी डाइज."

अधिकारी बाईनं लिहिता लिहिता वर पाहिलं. माझा नवरा मागे भिंतीला टेकून उभा होता. आमच्या घरात ही गोष्ट कुणी त्याच्यासमोर बोललं नव्हतं, आणि ती त्यानं पहिल्यांदा ऐकली ती एका सरकारी ऑफिसात, स्वतःच्या मुलीच्या तोंडून. अधिकारी बाईनं डबी एका पिशवीत घालून बंद केली. पुढे काही होईल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बहुधा नाही, पण खात्री देता येत नाही.

पार्किंगमध्ये नवऱ्यानं गाडीचं दार उघडून धरलं. सासूबाई बसल्या नाहीत.

"तुझे बाबा गेले तेव्हा मी तुला येऊ नकोस म्हटलं."

"हो."

"मला तू यायला हवा होतास."

सासूबाईंनी दाराची कड धरली.

"माझ्या वेळी सांगायला मी नसेन, म्हणून आत्ता सांगते. कार्ड असो नसो, तू ये."

"येईन," तो म्हणाला.

त्या पदर सावरून आत बसल्या. सीटबेल्ट त्यांना लावता येत नाही, म्हणून तो वाकून लावायला गेला. बेल्ट लागला तरी तो तसाच वाकून उभा राहिला आणि सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.