पाटीची सावली

आमच्या संघटनेच्या पत्रकांवर मी ठळक अक्षरांत छापायचे: सूर्य कुणाच्या बापाचा नाही. मंद्रूपच्या पुढं एका शाळेत पोरांना सोलर शिकवायला जाऊ लागले आणि हे वाक्य खोटं पडलं.

सामान एका पिशवीत मावायचं. मोडक्या दिव्याचं तळहाताएवढं पॅनेल, खेळण्यातला पंखा, दोन वायरी. दिवाळी होऊन महिना उलटलेला. मैदानात उन्हातच बसायचो. पॅनेल उन्हाकडं तिरकं धरलं की पंखा पळायचा, वर माती भुरभुरली की मंदावायचा. आठवीतल्या एका पोरीनं नुसती फुटपट्टी आडवी धरली. पॅनेल जरासंच झाकलं, तरी पंखा थांबला.

तिनं गच्चीकडं बघितलं. "ताई, वरच्याला बी असंच झालंय की."

गच्चीवरच्या पॅनेलवर पंप चालायचा, त्यानं टाकी भरायची, टाकीचं पाणी मुलींच्या संडासाला. पंप दिवाळीपासून बंद. सगळे म्हणायचे, मालच खराब. पण पॅनेलच्या पुढ्यात उद्घाटनाची लोखंडी पाटी उभी होती, देणगीदार साहेबांच्या नावाची, रस्त्यावरून दिसावी म्हणून. थंडीत सूर्य दक्षिणेला खाली कलतो. पाटीची सावली दिवसभर पॅनेलवर.

पाणी नाही म्हणून ती पोरगी महिन्यातले काही दिवस घरीच राहायची. आईनं बजावलं होतं, असंच चाललं तर कायमची घरी बस.

मी पोरीला घेऊन हेडसरांकडं गेले. "चारच बोल्ट आहेत, सर. मी काढते."

"पाटी साहेबांच्या हस्ते लागलीय, मॅडम. काढायलाही त्यांचाच हात लागेल." मग शिपायाकडं बघून म्हणाले, "नाहीतर सूर्यालाच सांगा, जरा सरकून उगव म्हणावं."

शिपाई हसला. पोरगी हसली नाही.

मी अर्ज दिले, पत्रक काढलं, ग्रामसभेत भांडले. त्यावर पाटीला नवा रंग तेवढा मिळाला. संक्रांतीनंतर पोरगी यायची थांबली. घरी गेले तर आई म्हणाली, "तुमी पाणी आना, मी पोरगी धाडते."

मे महिन्यात पुन्हा त्या बाजूला गेले. सूर्य डोक्यावर आलेला, सावली पाटीच्या बुडाशी आखडलेली. पंप आपला आपण चालू झाला होता. शाळेला सुट्टी, आणि टाकी भरून पाणी भिंतीवरून वाया चाललेलं.

धावतच पोरीला सांगायला गेले. ती चुलीपुढं होती.

"पाटी काढली व्हय?"

"नाही."

"मग दिवाळी झाली की परत बंद पडंल की, ताई," ती म्हणाली आणि परातीतल्या भाकरीकडं वळली.