गढीचा राखणदार

साठीत, म्हणजे आजच्या मानानं तरणीताठी असताना, मी गढीची पांढरी माती चोरून आणली आणि तिच्यात गुलाब लावला. या मातीचं धाबं, म्हणजे घराचं सपाट छत, पावसात गळत नाही, हे माहेरी लहानपणापासून पाहिलेलं. मग कुंडीतलं पाणी तरी कुठून झिरपणार, एवढं काही माझ्या डोक्यात आलं नाही. मुळं कुजून गुलाब गेला.

ही गढी गंगापूरच्या वाटेवर आहे. गढी म्हणजे काय, मातीचा गोल तट. आत बोरी-बाभळी आणि बाहेर संरक्षित स्मारकाची पाटी. तिथल्या राखणदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. काठी बगलेत धरून तो तटाभोवती फिरायचा आणि ढासळलेली माती भाकरी थापावी तशी थापायचा. वर चढलेल्या शेळ्यांना म्हणायचा, "चला बायांनो, उतरा खाली." माणसांवर मात्र खेकसायचा.

पिशवीत माती भरून मी परत करायला गेले, तर तो माझ्याच खड्ड्यापाशी घामाघूम उभा. साहेब पाहणीला येणार होते. खड्डा दिसला तर याची नोकरी जाणार होती. मी पिशवी पुढं केली. त्यानं ती ओतली, पण खड्डा अर्धाही भरेना. माझ्यामागून आणखी कुणीतरी हात मारला होता. तेवढ्यात रस्त्यावर जीपचा धुरळा दिसला.

"आता हो?" मी विचारलं.

"लई लोकं माती नेतेत, परत आणणाऱ्या तुम्हीच पहिल्या," तो म्हणाला. "आता साहेब जाईस्तोवर खड्ड्यावर पदर पसरून बसा, माय. अन् हलू नका."