मामांची पिवळी चिठ्ठी

देवाने पृथ्वीच्या पोटात लोखंड भरलं तेव्हा माझ्या बायकोचे मामा तिथे हजर असते, तर त्यांनी देवाकडे आधी टेस्ट सर्टिफिकेट मागितलं असतं, आणि ते नाही म्हटल्यावर सगळा माल परत पाठवला असता. मी जरासुद्धा वाढवून सांगत नाहीये. कोलशेतच्या एका कारखान्यात या गृहस्थांनी छत्तीस वर्षं पोलाद तापवलं, तेलात बुडवलं, पुन्हा तापवलं आणि त्याच्यावर संशय घेतला. निवृत्त झाले, पण संशय काही निवृत्त झाला नाही. सदऱ्याच्या खिशात चष्म्याच्या घरापाशी एक लोहचुंबक कायम असतो. आमच्या लग्नात रुखवत मांडलेलं होतं, तर हे स्वतःच्याच बाजूच्या भांड्यांना चुंबक लावत फिरले. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, आणि दोन पातेली चिकटली. "माल हलका आहे, जावईबापू, माफ करा," म्हणून ती भर मांडवातून उचलून घेऊन गेले. गौरी, म्हणजे माझी बायको, सहा वर्षांची असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून खोपटच्या दोन खोल्यांत मामांनीच तिला वाढवलेलं. कन्यादानही त्यांनीच केलं. मला चुंबक लावला नाही हेच नशीब.

आमचा एक खेळ आहे. दर रविवारी दुपारी आमच्या डोंबिवलीच्या घरी टेबलाभोवती बसायचं, माझा मित्र संदीप गोष्ट सांगणार, आणि आम्ही त्यातली पात्रं होऊन फासे टाकत राक्षसांशी लढणार. चाळिशीला टेकलेल्या माणसांनी करायचा उद्योग नव्हे हा, मान्य आहे. एका रविवारी मामा लाडू घेऊन आले आणि कोपऱ्यात बसून ऐकू लागले. संदीप रंगात येऊन सांगत होता, की ही तलवार चंद्रपोलादाची, पिसासारखी हलकी, आणि ड्रॅगनच्या रक्तात बुडवून थंड केलेली.

"रक्ताचं तापमान किती होतं?" कोपऱ्यातून प्रश्न आला.

संदीपने माझ्याकडे पाहिलं. मी लाडवाकडे पाहिलं.

"नाही, म्हणजे फार गार असेल तर तडा जाणार. आणि पिसासारखी हलकी तलवार कशाला रे? घाव कसला बसणार तिचा? माशा मारायच्यात का?"

झालं! पुढच्या रविवारपासून मामा आमच्या टोळीचे लोहार झाले. लढायचे नाहीत. मागे भट्टीपाशी बसून प्रत्येक हत्यार तपासायचे. कारखान्यातल्यासारख्या तीन रंगांच्या चिठ्ठ्या करून आणलेल्या. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, पिवळी म्हणजे माल अडकवून ठेवलाय, निर्णय व्हायचाय. चिठ्ठीशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. आकाशातून पडलेल्या उल्केच्या लोखंडाची माझी कुऱ्हाड त्यांनी "आत गंधक किती आहे कोणी पाहिलंय?" म्हणून बाद केली, आणि मी तीन रविवार राक्षसांशी लाकडी दांडक्याने लढलो. संदीपच्या तर नाकी नऊ आले. पण खरं सांगू का, मामा आले नाहीत तर खेळाला मजा यायची नाही. एखादं खड्ग पास झालं की ते अशा थाटात हिरवी चिठ्ठी द्यायचे, की आम्ही पोरांसारखे टाळ्या पिटायचो.

मग गौरीला जर्मनीत नोकरी लागली. दोघांनीही जायचं ठरलं, आणि हातात सहा रविवार उरले. संदीप म्हणाला, जाण्याआधी ड्रॅगनला गाठून गोष्ट संपवू या. गुहेत सगळ्यांत पुढे गौरी जाणार होती, म्हणून तिच्यासाठी ड्रॅगनसारख्या खवल्यांचं पोलादी चिलखत घ्यायचं ठरलं. मामांनी ते काम हातात घेतलं, आणि त्यावर पिवळी चिठ्ठी लावली.

पहिल्या रविवारी म्हणाले, खवल्यांच्या जोडांवर विश्वास नाही. दुसऱ्या रविवारी म्हणाले, टेम्परिंग, म्हणजे तेलात बुडवल्यावरचं तापवणं, पुन्हा करावं लागेल. तिसऱ्या रविवारी भट्टीत ओल आली. चौथ्या रविवारी कारणच सांगितलं नाही, नुसतं "होल्ड" म्हणाले आणि चहा मागितला. माझं डोकंच फिरलं. "अहो मामा, कागदावरचं चिलखत आहे ते! आम्ही विमानात बसल्यावर पास करणार आहात का?"

मामा चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा करत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "पिवळी चिठ्ठी आहे तोवर माल माझ्याकडे असतो, जावईबापू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी साधी गोष्ट, आणि मी महिनाभर भट्टीला नावं ठेवत होतो.

गौरी उठून त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. "मामा, गोदामात ठेवलेला माल गंजतो असं तूच सांगायचास ना रे?"

"ते लोखंडाचं."

"आणि मी?"

"तुला नाही गं गंज चढायचा," मामा म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसला.

शेवटच्या रविवारी चिलखतावर हिरवी चिठ्ठी होती. गौरी गुहेत शिरली, ड्रॅगनने आग ओकली, तिने फासा टाकला आणि वीसपैकी पडले तीन. नियमाप्रमाणे खेळ खलास. मामांनी डोळे मिटून घेतलेले. संदीप आजवर कुणाला एका आकड्याची सूट न देणारा माणूस, पण त्याने मामांकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा, टेम्परिंग कितीवर केलंत?"

मामांनी डोळे उघडले. तापमान सांगितलं, किती तास ठेवलं ते सांगितलं, कुठलं तेल, भट्टीत कुठल्या बाजूला, सगळं. पाच मिनिटं आम्ही नीट ऐकून घेतलं.

"मग टिकलं," संदीप म्हणाला.

जाताना मामांनी गौरीच्या हातात एक पाकीट दिलं आणि विमानतळावर मी येत नाही म्हणाले. इथे जर्मनीत येऊन सामान उघडताना आम्ही ते फोडलं. आत त्यांचा लोहचुंबक होता, आणि आणखी एक हिरवी चिठ्ठी. त्यांच्या ठसठशीत अक्षरात मालाचं नाव: गौरी. तपासणी: पूर्ण. शेरा: माल उत्तम, परत आल्यावर पुन्हा तपासावा. त्यापुढे तारखेचा रकाना त्यांनी कोरा सोडलेला.

चिठ्ठी त्याच चुंबकाने फ्रीजवर लावलीय. परवा गौरीने त्या रकान्यात "दिवाळी" असं लिहिलं. पेन्सिलीने लिहिलंय, रजा अजून मंजूर व्हायची आहे.