सुरगाण्याचा चष्मेवाला रावण

शनिवारच्या रजेचा अर्ज देताना मी मोठ्या साहेबांना खरं कारण सांगितलं, आणि तिथंच चुकलो. "रावण बघायला पंचवटी सोडून सुरगाण्याला?" असं म्हणून ते हसले, मग सगळं ऑफिस हसलं. फक्त आमचा शिपाई काशिनाथ हसला नाही, कारण तो रावण म्हणजे तोच होता.

काशिनाथचं गाव सुरगाण्याच्याही पुढं, डोंगरात. तिथं चैत्रात बोहाडा (देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून नाचण्याचा उत्सव) असतो. प्रत्येक सोंग एकेका घराचं. रावणाचं सोंग काशिनाथच्या घरात चालत आलेलं. आजवर ते त्याचा थोरला भाऊ नाचवायचा, पण यंदा मोहाची फुलं पाडायला चढला आणि झाडावरून पडला आणि पाय मोडून बसला. त्यामुळं आठ वर्षं नाशकात फायली वाहणाऱ्या काशिनाथवर पाळी आली होती.

"भाऊसाहेब, आमच्या गावाची रीत वाईट हाय," एसटीत वणी सोडल्यावर तो म्हणाला. "सोंग घेऊन मानूस रिंगणात पडला, तं सोंग त्या घरातून जातं. दुसऱ्या घराला. परत येत नाय. वरच्या आळीतलं एक घर टपूनच बसलंय."

मी कशाला निघालो होतो, तेही सांगितलं पाहिजे. माझे वडील जलशात ढोलकी वाजवायचे. गाण्यांतून, सवाल-जबाबांतून लोकांना शिका, मान वर करून जगा, असं सांगणारा तो जलसा. काही गावं त्यांना चावडीपाशी येऊ देत नसत, मग शिवेबाहेर बत्ती लावून खेळ व्हायचा. मला वडिलांच्या मागं बसवलेलं असे, म्हणून सगळे जलसे मी पाठीमागूनच पाहिले. वडिलांची घामेजलेली मान आणि तिच्यापलीकडं हसणारे, डोळे पुसणारे लोक. समोरून एकदाही नाही. आता वडीलही नाहीत आणि जलसाही नाही. निदान बोहाडा तरी समोर बसून, नीट बघायचा, असं मी ठरवलं होतं.

सुरगाण्याहून पुढं जीप. ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे बाहेर लोंबकळायलाही जागा उरली नाही असा अर्थ. मी मागच्या दांडीला लटकलो. पहिल्याच चढावर माझी डाव्या पायाची चप्पल निसटली. मी ओरडलो, पण ड्रायव्हरनं मागं पाहिलंसुद्धा नाही. एका चपलेचा माणूस म्हणून मी त्या गावात उतरलो.

उतरल्याबरोबर काशिनाथनं डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात घातला. जाड भिंगांचा चष्मा, दोन वर्षांपूर्वी लागलेला.

"घरी ठाऊक नाय," तो हळूच म्हणाला. "बाप म्हनंल, शहरानं डोळं खाल्लं."

त्याचे वडील, देवरामबाबा, दारातच उभे होते. सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी, एका गुडघ्यावर फडकं गुंडाळलेलं. जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि मिरचीचा ठेचा. लहानपणापासूनची माझी एक खोड आहे. कुणी विचारायच्या आत आपलं आपण सांगून टाकायचं. पहिल्या घासाबरोबर मी म्हणालो, "बाबा, आम्ही बौद्ध. मी देवापुढं हात जोडत नाही. बोहाड्यात चालेल ना?"

"आधी जेवा," म्हातारा म्हणाला आणि माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

शनिवारी दुपारी अंगणात सराव झाला. मुखवटा घरातून बाहेर आला तेव्हा मी उठून उभा राहिलो, न ठरवता. सावरीच्या लाकडाची दहा तोंडं, दोन हात पसरले तरी मावणार नाहीत एवढी रुंदी. आत डोकं घालायचं, फडक्यानं आवळायचं आणि मधल्या तोंडाच्या नाकाखालच्या फटीतून बघायचं. मुखवटा चढला की त्या माणसाशी बोलायचं नाही, त्याला नावानं हाक मारायची नाही, अशीही रीत.

वाजंत्रीवाल्यानं संबळ धरला. काशिनाथचे पाय काहीच विसरले नव्हते. मी मनात शाबासकी देतोय तोवर तो नाचत नाचत सरळ मांडवाच्या खांबावर गेला. कडेच्या तोंडाचा कान तुटून खाली पडला. बाया दारात आल्या.

काशिनाथनं मुखवटा उतरवला, खिशातून चष्मा काढला आणि बापासमोर डोळ्यांवर लावला.

"कवापासून?" बाबांनी विचारलं.

"दोन वर्सं."

"मंग सांगाया काय झालं? मी काय तुला घराबाहेर काढला असता?"

चष्म्यासकट मुखवटा चढवून पाहिला, पण दांडी वाकली, मुखवटा काही बसेना. लांबून संबळ ऐकून दिशा कळत नव्हती आणि हाक मारायची तर सोय नव्हती. म्हातारा तुटलेला कान उचलून उठला. मग घरात जाऊन एक घुंगरकाठी (वरच्या टोकाला घुंगरं बांधलेली काठी) घेऊन आला.

"ह्या आवाजाच्या मागं ये," तो म्हणाला, आणि मुखवटा पुन्हा चढल्यावर काठी आपटत, पोराकडं तोंड करून उलटा चालू लागला. मुखवट्यातला काशिनाथ घुंगरांच्या मागोमाग बरोबर आला. पण चौथ्या पावलाला म्हाताऱ्याचा गुडघा लचकला आणि तो धपकन खाली बसला.

बसल्या जागेवरून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"भाऊसाहेब, तुमी हात जोडत नाय म्हनला ना?"

"नाही."

"लय बरं झालं. मंग तुमचं हात मोकळंच हायेत. उद्या मागून माझी कंबर धरा."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. नव्हती. मी म्हणालो, "बाबा, मी रिंगणात आलेलं लोकांना चालेल का?"

"कंबर माझी हाय," म्हातारा म्हणाला. "लोकांची नाय."

माझ्या वडिलांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. मी चूळ भरायच्या निमित्तानं रांजणापाशी गेलो आणि तोंडावर पाणी मारून घेतलं.

रात्रभर सोंगं निघत होती. खरं सांगायचं तर गणपती आणि वेताळ एवढेच मी धड पाहिले, बाकी पेंगत काढले. रावण तिथं उजाडल्यावर निघतो. सूर्य डोंगरावर आला तसा मांडवातून पुकारा झाला, एकदा, दोनदा. तिसऱ्याला काशिनाथनं चष्मा काढून माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मुखवट्यात शिरला.

मांडवापासून देवीच्या ठाण्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, असे पाच फेरे. आमची वरात अशी निघाली: मागं पाय टाकत मी, माझ्या हातात म्हाताऱ्याची कंबर, म्हाताऱ्याच्या हातात घुंगरकाठी आणि तिच्या मागोमाग लंकेचा राजा. मी अनवाणीच होतो, ते बरंच झालं. मला दिसत होती ती फक्त बाबांची मान आणि पांढरी टोपी. टोपीच्या दोन्ही बाजूंना रावणाची कडेची तोंडं झुलत होती. मधलं, ज्याच्यात काशिनाथ होता, ते काही दिसेना. लोक आमच्याकडं पाहून हसले, मग हसायचे थांबले.

तीन फेरे झाले. चौथ्याला माझ्या टाचेखाली धोंडा आला. मी कलंडलो, माझ्याबरोबर म्हातारा कलंडला आणि घुंगरं थांबली. संबळ वाजतच होता, पण रावण एक पाय वर उचलून तसाच उभा राहिला, डोलत. मला एवढंच कळत होतं की मी पडलो तर हा म्हातारा पडणार, त्याला अडखळून रावण पडणार आणि पाठोपाठ एका घराचं सोंग जाणार, तेही नाशिकच्या एका पाहुण्यामुळं.

तेवढ्यात पाठीला कुणाचा तरी पंजा टेकला आणि त्यानं मला जोर लावून सरळ केलं. काठी आपटली. रावणाचा पाय खाली आला.

फेरे पुरे झाल्यावर काशिनाथ घामानं निथळत बाहेर आला आणि हात पुढं करून चाचपडत म्हणाला, "भाऊसाहेब, चष्मा." बाबांनीच तो माझ्या खिशातून काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पोराच्या डोळ्यांवर लावला.

मी त्या पंजाचा मालक शोधला. रुंद खांद्यांचा, मिशीवाला माणूस, वरच्या आळीतला. सोंगावर टपून बसलेलं घर त्याचंच होतं.

"मी पडलो असतो तर सोंग तुम्हाला आलं असतं," मी म्हणालो.

"आलं असतं," तो म्हणाला. "पन असं नाय घ्यायचं." आणि बिडी पेटवायला निघून गेला.

रविवारी दुपारी जीपनं परत येताना, जाताना लागलेल्या त्या पहिल्या चढापाशी काशिनाथनं ड्रायव्हरला थांबायला लावलं. चष्म्यातून त्याला लांबूनच दिसलं होतं. रस्त्याकडेच्या कुंपणाच्या मेढीवर कुणीतरी माझी डावी चप्पल अडकवून ठेवली होती. माळावर एक माणूस दिसेल तर शपथ. कुणाचे आभार मानावेत हेही कळेना, म्हणून मी त्या मेढीलाच हात लावला.

सोमवारी ऑफिसात मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग, कसा होता तुमचा रावण?"

काशिनाथ वाकड्या दांडीचा चष्मा सावरत चहा ठेवत होता. मी म्हणालो, "साहेब, मी त्याला पाहिलंच नाही. सगळे फेरे त्याच्या वडिलांची मान माझ्यासमोर होती."

पुन्हा सगळं ऑफिस हसलं, आणि या खेपेला काशिनाथसुद्धा. मीही हसलो. अशी एक मान मी लहानपणी वर्षानुवर्षं पाहिली होती, आणि मला कायम मागं बसवलं म्हणून तिच्यावर रुसलो होतो. ते पाठीमागं बसणं नव्हतं, तीच खेळाच्या आतली जागा होती. वडिलांना हे सांगायचं राहून गेलं.