हँडल मोडणाऱ्या वहिनी

वहिनींच्या हातात प्लास्टिकचं काहीही दिलं की त्या आधी ते मोडून बघायच्या. त्यांच्या रत्नागिरीतल्या छोट्या कारखान्यात मोटारीच्या दाराची आतली हँडलं व्हायची. मी तिथे मशीनवर होतो. ऐंशीच्या दशकात नव्या मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या, तेव्हा त्यांच्या यजमानांनी मुंबईची नोकरी सोडून हा कारखाना काढला आणि वर्षभरात ते गेले. वहिनी मशीन विकतील असं सगळ्यांना वाटलं. त्या पदर खोचून शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या.

एकदा पुण्याच्या मोटार कंपनीकडून खोकी परत आली. हँडलं तडकत होती. पुन्हा असं झालं तर काम बंद, असा निरोप होता. आम्ही साचा साफ केला, उष्णता कमी-जास्त केली, दाब बदलला. हँडलं तडकतच राहिली. शेजारी म्हणाले, देवाला कौल लावा.

"लावीन हो," वहिनी म्हणाल्या, "पण देव विचारील, तू काय शोधलंस? तेव्हा काय सांगू?"

त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. बोटं चिरली, तरी प्रत्येक हँडल वाकवून बघायच्या. एकदा मशीनला टेकून मला म्हणाल्या, "ह्यांच्या मागे एवढंच राहिलंय रे."

मग त्यांच्या ध्यानात आलं, सकाळचं हँडल वाकतं, जेवणाच्या सुट्टीनंतरचं मोडतं. त्या दिवशी आम्ही जेवायला गेलो आणि त्या मशीनपाशीच बसून राहिल्या. ज्यांची हँडलं बनायची ते प्लास्टिकचे दाणे सकाळी भट्टीत वाळवून उघड्या घमेल्यात पडले होते. खाडीवरचा दमट वारा थेट आत येत होता.

आम्ही परतल्यावर म्हणाल्या, "पापड सादळतात ना, तसे हे दाणे सादळतायत."

घमेल्यावर घट्ट झाकण आलं. हँडलं मोडायची थांबली.

नवी हँडलं पिशवीत घालून वहिनी एस.टी.नं पुण्याला गेल्या. तिथल्या साहेबांनी हँडल वाकवून पाहिलं, चांगलं आहे म्हणाले. काम मात्र त्यांनी आधीच दुसऱ्याला दिलं होतं.

शेवटी कारखाना बंद करावा लागला. मशीन कोल्हापूरच्या एका माणसानं विकत घेतलं. ते ट्रकवर चढलं तेव्हा वहिनी त्याला दाणे कसे झाकायचे ते सांगू लागल्या. तो ट्रकमध्ये बसला, इंजिन सुरू झालं. "बघू नंतर," तो म्हणाला.

वहिनींनी ट्रकचं दार धरून ठेवलं.

"नंतर नको. आत्ता ऐका. नाहीतर तुमचाही कारखाना जाईल."

त्यानं इंजिन बंद करायला लावलं आणि तो खाली उतरला. वहिनींनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं.