झाकणाच्या आतलं अक्षर

चहा ओतण्याआधी अण्णा कप पालथा करून बघत. रोज. कप डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या सुपरमार्केटातला, सहाच्या संचातला, बुडाला कारखान्याचा तोच छाप. तरीही कपाळावरचा चष्मा खाली यायचा, अंगठा बुडावरून फिरायचा आणि मगच कप सुलटा व्हायचा. "आधी बूड बघायचं," ते म्हणत. "तोंड काय, कुणाचं बी गोड असतंय."

दत्तात्रय अण्णा हुपरीचे चांदी कारागीर. त्यांची मुलगी मुक्ता टॅलाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करते. साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी इथे आले, तेव्हा तिच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली होती. आई गेल्यावर मुक्ताने अण्णांना इकडे आणलं. चाळीस वर्षं त्यांनी पैंजण घडवले, देवांचे मुखवटे ठोकले. इथे हातांना काही नव्हतं. ते किचनच्या प्रेसमधले, म्हणजे कपाटातले, स्टीलचे डबे काढून घासत बसत.

काम आणलं ते जयेशने. तो इचलकरंजीचा. रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात इंजिनिअर होता; ती नोकरी सोडून जुन्या चांदीच्या वस्तूंच्या व्यवहारात शिरला होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत अण्णांच्या पाया पडला आणि दर रविवारी घरी येऊ लागला. गावाकडचा मुलगा म्हणून अण्णा त्याच्यासाठी भाकरी बाजूला ठेवायला सांगत.

एका रविवारी त्याने चिनी चहाचा संच आणला. शंभरेक वर्षांपूर्वी कॅन्टन बंदरातून निघून तो कुठल्याशा आयरिश घरात पोचला होता. किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं. बांबूच्या पेरांसारखे कान, अंगावर ड्रॅगन. किटलीचं झाकण हरवलेलं.

"एवढं करून द्याल, अण्णा? तुमच्याशिवाय इथं कुणाला जमायचं नाही."

अण्णांनी आधी किटली पालथी केली. बुडाला दोन इंग्रजी अक्षरं होती आणि शेजारी दोन चिमुकली चिनी. त्यांना कुतूहल वाटलं, म्हणून मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून पुस्तक आणलं आणि संध्याकाळी त्यांना मराठीत सांगू लागले. इंग्रजी अक्षरं दुकानदाराची. चिनी अक्षरं ज्याने भांडं घडवलं त्याची, आणि ती विकत घेणाऱ्यांना वाचताही येत नसत. अण्णा खुदकन हसले. "म्हंजे शेठचं नाव गिऱ्हाइकाला, आन् कारागिराचं कारागिराला."

मग त्यांना त्याच्या मागचंही हवं झालं. चीनमध्ये आधी कितीतरी शतकं साच्यात ब्राँझ ओतण्यावर भर होता. चांदीचा पत्रा ठोकून उठाव काढण्याची ओढ मध्य आशियाच्या व्यापारी वाटांनी आली. तांग राजांच्या काळात चांदीच्या पेल्यांवर हरणं धावू लागली, वेली चढल्या, आणि मधल्या रिकाम्या जागेत बारीक गोल ठशांची दाटी झाली, माशाच्या अंड्यांसारखी. सोनं पाऱ्यात कालवून नक्षीवर लावायचं आणि तापवून पारा उडवायचा. "त्यानं माणूस लवकर जातंय," अण्णा मध्येच म्हणाले, आणि मी पुढचं पान उलटलं. एका मिंग बादशहाच्या थडग्यात सोन्याच्या तारांचा मुकुट सापडला होता, केसासारख्या बारीक तारा, जाळीसारखा विणलेला. अण्णांनी त्या फोटोवर भिंग धरलं.

"कुणी इणला?"

बादशहाचं नाव पुस्तकात होतं. विणणाऱ्याचं नव्हतं.

झाकणाला सहा आठवडे लागले. मुक्ताने परसातली शेड रिकामी करून दिली. राळेच्या मऊ थरावर पत्रा बसवून अण्णा ठोकत राहायचे. एका खिळ्याचं तोंड पोकळ करून त्यांनी माशाच्या अंड्यांचा ठसाही केला. हात बसावा म्हणून एका पोलादी सळीवर बुडाची दोन चिनी अक्षरं उलटी कोरली. उलटी कोरली की सुलटी उमटतात. दुसऱ्या अक्षराची खालची रेघ कोरताना हत्यार निसटलं आणि ती कणभर आखूड राहिली. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. जयेशने तो ठसा हातात घेऊन निरखला.

"हा मला द्या अण्णा. तुमची आठवण."

"घे की. माज्या काय कामाचा."

झाकणाच्या आत मात्र त्यांनी स्वतःचा 'द' उठवला, तांदळाच्या दाण्याएवढा. "जुन्याला नवं जोडलं की सांगायचं असतंय," ते जयेशला म्हणाले. "हुपरीत कुणी गप बसलं तर त्याला पुन्ना कोण चांदी देत न्हाई."

"ग्रँड, अण्णा. लिलावाच्या माहितीत मी लिहूनच देणार. झाकण नवीन, घडवणाऱ्याचं नाव अमुक."

त्या वाक्यावर अण्णा दोन महिने जगले. आपलं नाव छापून येणार, हे त्यांनी फोनवर अर्ध्या हुपरीला सांगितलं.

लिलावाच्या आदल्या दिवशी वस्तू हातात घेऊन बघता येतात. "कशाला दगदग," असं जयेश म्हणाला होता, पण मलाच राहवलं नाही. मी अण्णांना ट्रेनने डब्लिनला नेलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. संचापुढचं कार्ड मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. 'मूळ झाकणासह संपूर्ण.'

"काय लिवलंय?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी झाकण उचलून पालथं केलं. आतला भाग गुळगुळीत पॉलिश केलेला होता. 'द'च्या जागी किंचित खोलगट. शेजारी दोन चिनी अक्षरं. दुसऱ्याची खालची रेघ कणभर आखूड.

अण्णा त्या रेघेवर अंगठा ठेवून उभे राहिले. जयेश दालनातच कुणा गिऱ्हाइकाबरोबर होता. आम्हाला पाहून तो चटकन आला.

"अण्णा! कळवायचं ना, गाडी घेऊन आलो असतो."

"ह्यो माजा ठसा हाय, जयेश."

"हळू बोला. बघा, तुमचं काम इथल्या जाणकारांनाही ओळखू आलं नाही. याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं?"

"वळखू येत न्हाई, म्हणून तर सांगायचं असतंय रं."

तिथली एक कर्मचारी बाई जवळ आली, सगळं ठीक आहे ना, असं विचारायला. अण्णा माझ्याकडे वळले. "सांग तिला. झाकण म्या केलंय."

मी सांगितलं. घासलेली जागा दाखवली, आखूड रेघ दाखवली. बाईने जयेशकडे पाहिलं. त्याने अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी पोटच्या मुलासारखा, आणि मऊ आवाजात इंग्रजीत म्हणाला की हे आमच्या ओळखीचे आजोबा, वय झालंय, कधीकधी गोंधळ होतो. शेवटी इथले लोक कीव करताना म्हणतात तसं, "गॉड लव्ह हिम."

बाई अण्णांकडे बघून हसली. लहान मुलाकडे बघून हसतात तशी.

जयेशचं बोलणं मी मराठीत सांगितलं नाही. अण्णांनीही विचारलं नाही. खांद्यावरचा हात त्यांनी हळूच उचलून बाजूला केला, सदऱ्याच्या टोकाने झाकणावरचा अंगठ्याचा डाग पुसला आणि ते किटलीवर बसवलं. ते अचूक बसलं.

मुक्ताने लिलाव करणाऱ्यांना पत्र लिहिलं. 'नोंद घेतली आहे,' असं उत्तर आलं. संच विकला गेला होता, मूळ झाकणासह.

रविवारी बेल वाजली तर अण्णा शेडमध्ये जाऊन बसत. नंतर बेल वाजेनाशी झाली. एक दिवस त्यांनी राळ खरवडून कचऱ्यात टाकली. ऑक्टोबरात ते हुपरीला परतले आणि फेब्रुवारीत तिथेच वारले. मुक्ताला त्यांच्या सामानात तो पोकळ तोंडाचा खिळा सापडला, रुमालात गुंडाळलेला.

ते हुपरीला निघाले त्या सकाळी टॅक्सी यायला वेळ होता. मुक्ता वर बॅगा भरत होती. मी चहा केला आणि सवयीने त्यांचा कप पालथा करून, बूड त्यांच्याकडे करून धरला. त्यांचा चष्मा कपाळावरच राहिला. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"ओत की चहा," ते म्हणाले. "गार हुतोय."